दुसऱ्यांच्या वाऱ्या

मराठीत वारी दोन ठिकाणची असते, एक पंढरीची आणि एक कचेरीची. ‘एका दाखल्यासाठी सहा वाऱ्या झाल्या’ असं आपण सहज बोलून जातो. गेली २१ वर्षं मी एका सरकारी कार्यालयात पेन्शनच्या टेबलावर बसते. ही दुसऱ्या जातीची वारी माझ्या टेबलापुढे किती जणांनी किती वेळा केली, त्याचा हिशोब माझ्याकडे नाही. पंढरीची वारी मी पहिल्यांदा केली ती मागच्या वर्षी, वयाच्या ५३व्या वर्षी. आळंदी ते पंढरपूर, माउलींच्या पालखीबरोबर, रथामागच्या एका दिंडीत भिशी, म्हणजे जेवणा-मुक्कामाचा आपला वाटा, भरून.

नवस वगैरे काही नव्हता. सासूबाई माळकरी होत्या. त्या गेल्या तेव्हा त्यांची टाळांची जोडी माझ्याकडे आली आणि वर्षभर कपाटात, जुन्या नऊवारीच्या घडीत पडून राहिली. दिवाळीच्या साफसफाईत ती हातातून निसटली. फरशीवर असा नाद झाला की घरातले सगळे हातातलं काम टाकून बघायला आले. त्या नादाने मनात जे हललं ते ज्येष्ठ उजाडला तरी जागेवर बसेना. रजेचा अर्ज टाकला आणि निघाले.

पहिले तीन-चार दिवस वारीत विचार वगैरे काही होत नाही. पाय, पाणी, पाऊस आणि आडोसा एवढंच डोक्यात असतं. बायकांना आडोशाची काळजी तर चोवीस तास. दिवे घाटाचे फोटो सगळ्यांनी पाहिलेले आहेत, त्यावर मी काही लिहीत नाही. घाट चढून सासवडला पोचले तेव्हा डाव्या टाचेला जांभळाएवढा फोड आला होता.

राहुटीत शेजारी परभणीकडच्या एक मावशी होत्या. त्यांची ती अठरावी वारी. त्यांनी न विचारता माझा पाय मांडीवर ओढून घेतला. सुईत पांढरा दोरा ओवला, सुईचं टोक काडीच्या जाळावर धरलं, फोडाच्या एका बाजूने घालून दुसऱ्या बाजूने काढलं आणि दोरा आतच ठेवून दोन्हीकडून कातरला. पाणी दोऱ्यावाटे झिरपत राहतं, वरची कातडी शाबूत राहते. त्यांच्या नखांच्या कडा तुटलेल्या, बोटांना मातीचा रंग कायमचा बसलेला, पण सुई इतकी हलकी फिरली की मला कळलंसुद्धा नाही. हे करताना त्या बोलत होत्या. नवरा गेल्यावर सातबाऱ्याला वारस म्हणून नाव लावून घ्यायचं होतं. त्यासाठी तालुक्याला अकरा खेपा झाल्या. दर खेपेला एसटीचं जाणं-येणं, शिवाय त्या दिवसाची मजुरी बुडायची.

“साहेब वाईट नव्हता बाई,” त्या म्हणाल्या. “वाकडं कधी बोलला नाही. उद्या या, परवा या. त्याला ठावं व्हतं, ही येनारच. जाती कुठं?”

मी काय नोकरी करते ते मी त्यांना सांगितलं नाही. टाच दुखत होती, तिच्याकडे बघत राहिले.

सत्ता म्हटलं की आपण वर बघतो, मंत्रालयाकडे, दिल्लीकडे. पण दुसऱ्याचा वेळ ज्याच्या मुठीत आहे तो तेवढ्यापुरता राजाच असतो, त्याची खुर्ची वेताची का असेना. ही सत्ता चालवायला आवाज चढवावा लागत नाही. मी कधी कोणावर ओरडले नाही, कोणाकडून कपभर चहासुद्धा घेतला नाही, आणि याचा मला अभिमान होता. मावशींच्या ‘जाती कुठं’मध्ये त्या अभिमानाचा पायाच निखळला. समोरच्याला न येण्याची मुभा नाही, हे मला रोज ठाऊक असतं. त्या खात्रीवर मी गोड बोलत आले.

सहा वर्षांपूर्वी एक बाई कुटुंब निवृत्तिवेतनासाठी माझ्याकडे यायच्या. नवरा शिपाई होता, नोकरीत असतानाच गेला. त्याच्या सेवापुस्तकात पत्नीचं नाव नुसतं लिहिलेलं, बँकेच्या पासबुकात त्याच नावापुढे ‘बाई’ लागलेलं. मी प्रतिज्ञापत्र मागितलं. ते आणलं तर त्यात आडनावाची वेलांटी चुकलेली. पुन्हा करून आणा म्हटलं. मध्ये मी रजेवर, मध्ये मार्चअखेर. १४ महिने गेले. नियमाने मी प्रत्येक वेळी बरोबर होते, म्हणूनच मला कोणी जाब विचारला नाही. पेन्शन सुरू झाली तेव्हा त्या बाईंनी हात जोडले, आणि मी ते जोडलेले हात माझे उपकार म्हणून स्वीकारले. हे शेवटचं मला आज सगळ्यात जास्त टोचतं.

जेजुरी झाली, वाल्हे झालं. नीरेला माउलींच्या पादुकांना स्नान झालं आणि पालखी सातारा जिल्ह्यात आली. लोणंद मागे टाकून चांदोबाच्या लिंबाला पहिलं उभं रिंगण पाहिलं आणि संध्याकाळी तरडगावच्या तळावर समाजआरतीला मी पहिल्यांदा पुढे जाऊन उभी राहिले. तोवर पाय धरून राहुटीतच बसत होते.

या सोहळ्याला आजचं रूप दिलं ते हैबतबाबा आरफळकरांनी, १९व्या शतकाच्या पूर्वार्धात. ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरचे ते सरदार. सरदारकी सोडून आळंदीत माउलींच्या पायाशी राहिले, पण फौजेची शिस्त त्यांच्या अंगात होती आणि ती त्यांनी वारीला दिली. कोणती दिंडी रथापुढे, कोणती मागे, कोण कोणत्या क्रमाने चालणार, हे सगळं ठरलेलं. रथापुढे २७ दिंड्या, बाकीच्या मागे. चोपदार आहेत, कर्णा आहे, अंकलीच्या शितोळे सरकारांकडून येणारे अश्व आहेत. लाखो माणसं एका इशाऱ्यावर चालतात आणि थांबतात. सगळा थाट लष्कराचा, शस्त्र एकही नाही. आणि दोन अश्वांपैकी जो माउलींचा, त्याच्या पाठीवर कोणी बसत नाही. रिंगणात तो रिकाम्या पाठीने धावतो आणि त्याच्या टापांखालची माती लोक कपाळाला लावतात. एवढ्या मोठ्या फौजेच्या सेनापतीची जागा रिकामी ठेवायची हे ज्याला सुचलं, त्याने स्वतः तलवार चालवलेली होती. न चालवलेल्याला कदाचित सुचलंही नसतं.

तर समाजआरती. पालखी तळावर येते, सगळ्या दिंड्या भोवती गोलाकार उभ्या राहतात. टाळ-मृदंगांचा कल्लोळ असा की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. मग चोपदार चोप उंच करतात आणि लांबलचक ‘हो’ अशी हाक देतात. एका क्षणात सगळं शांत. मला अंगावर काटा आला. हुकमाची इतकी ताकद मी कधी पाहिली नव्हती.

पण एका दिंडीचे टाळ थांबले नाहीत. आमच्या डावीकडची दिंडी होती. सगळा तळ गप्प आणि तेवढेच टाळ खणखणत राहिलेले. मला वाटलं, आता यांची खरडपट्टी निघणार. मावशी हळूच म्हणाल्या, “गाऱ्हानं हाय त्यांचं.” वारीची रीत अशी की ज्या दिंडीची तक्रार असेल तिने टाळ थांबवायचे नाहीत. मग चोपदारांनी तिच्यापाशी चालत जायचं, काय झालं ते विचारायचं, आणि निवाडा झाला की मगच टाळ थांबणार. त्याशिवाय आरती पुढे सरकत नाही. त्या दिवशीची तक्रार साधीच होती. त्यांच्या राहुट्यांच्या जागेवर दुसऱ्या कोणाचा तरी ट्रक लागला होता. चोपदार आले, ऐकून घेतलं, जागा मोकळी करून देण्याचं ठरलं, टाळ थांबले. मग हरवलेल्या-सापडलेल्या वस्तूंची यादी वाचली गेली, उद्या निघायची वेळ सांगितली गेली, आणि आरती झाली. माउलींची आरती एका ट्रकसाठी थांबली होती आणि कोणाच्या कपाळाला आठी नव्हती.

मी रात्रभर जागी होते. आमच्या कार्यालयातही तक्रारपेटी आहे. तिची किल्ली माझ्या ड्रॉवरमध्ये असते.

वारीत सगळं आलबेल असतं असं मला म्हणायचं नाही. पाण्याच्या टँकरपाशी धक्काबुक्की होते, मानापानावरून रुसवेफुगवे होतात. सगळे एकमेकांना माउली म्हणतात आणि पायांना हात लावतात हे खरं. पण माउली म्हणून झाल्यावर दुसरा प्रश्न ‘आडनाव काय?’ असा येतो, तेव्हा तो कशासाठी आला हे विचारणाऱ्याला आणि सांगणाऱ्याला, दोघांनाही माहीत असतं. तरीसुद्धा आठ-दहा वर्षांच्या एका मुलाने माझ्या पायांना हात लावला आणि रीत म्हणून मी वाकून त्याच्या पायांना लावला, तेव्हा कमरेत जे आखडलेलं होतं ते नुसत्या वयाचं नव्हतं. मी स्वतःहून लहान माणसापुढे कधी वाकलेच नव्हते.

फलटणच्या मुक्कामी कीर्तन झालं. महाराज रंगून बोलत होते की हा सगळा संसार माया आहे, सुखही खोटं, दुःखही खोटं. ऐकता ऐकता मला हलकं वाटायला लागलं. सगळंच खोटं, तर त्या बाईंचे १४ महिनेही खोटे. मग त्या हलकेपणाचीच मला भीती वाटली.

सासूबाई अमृतानुभव वाचायच्या. मला त्यातलं अर्धंमुर्धं कळतं, पण एक गोष्ट त्यांनी मला नीट समजावून दिली होती. ज्ञानोबा जगाला खोटं म्हणत नाहीत. ज्या अज्ञानामुळे हे जग भासतं असं म्हणतात, त्या अज्ञानालाच ते मुळातून खोडून काढतात. मग हे दिसतं ते काय? ते त्या एका चैतन्याचंच प्रकट होणं, चिद्विलास. त्याच्या मागे आणखी काही दडलेलं नाही. इतकी वर्षं ही मला देवघरातली गोष्ट वाटायची. फलटणला ती थेट माझ्या टेबलावर आली. जग भास असेल तर टेबलापुढे ताटकळणारी बाईही भास, तिला उद्या या म्हटलं तरी कुठे काय बिघडतं? पण जग त्याचाच विलास असेल, तर दुपारी साडेअकराच्या उन्हातून, प्लास्टिकच्या पिशवीत कागद गुंडाळून आली ती तोच आहे. त्याला मी चुकलेल्या वेलांटीसाठी परत पाठवलं. तत्त्वज्ञान माणसाला सुटका देतं तसं अडकवतंही. अडकवणारं जास्त खरं असावं असं मला आता वाटतं.

पसायदानही तसंच. खळांची व्यंकटी सांडो, म्हणजे दुष्टांचा वाकडेपणा गळून पडो. दुष्ट मरोत असं त्यात नाही, हे शाळेपासून ऐकत आलो. ज्या मुलांच्या आईवडिलांना धर्मपीठाने देहान्त प्रायश्चित्त सांगितलं, त्यांच्यातल्या एकाने हे मागावं, याने मी दर वेळी भारावून जायची. पण मी ते नेहमी मागणाऱ्यांच्या बाजूला उभी राहून म्हणत आले. त्या ओवीत मी दुसऱ्या बाजूलाही असू शकते, हे बारावीत पाठ झालेल्या ओळींना पन्नाशी उलटेपर्यंत सांगता आलं नाही.

नातेपुत्याला मी मावशींना सगळं सांगितलं. नोकरी, टेबल, ती बाई, १४ महिने. त्या मिश्री लावत होत्या. थांबल्या आणि म्हणाल्या, “नाव काय तिचं?”

मला फाईलचा नंबर आठवला. पासबुकात ‘बाई’ होतं आणि सेवापुस्तकात नव्हतं, हे आठवलं. वेलांटी आठवली. नाव आठवेना. ज्या नावासाठी मी तिला १४ महिने फिरवलं, तेच आठवेना.

मावशींनी चूळ भरली आणि उठून गेल्या. दुसऱ्या दिवशी दिंडीत त्या माझ्या रांगेत नव्हत्या, दोन रांगा पुढे होत्या. सदाशिवनगरचं गोल रिंगण आम्ही वेगवेगळ्या बाजूंनी पाहिलं. माळशिरसला त्यांनी डब्यातली जवसाची चटणी सगळ्यांच्या भाकरीवर वाढली, माझ्याही वाढली, बोलल्या नाहीत. मला राग आला. इतकं मन मोकळं केलं, आता यांनी दोन शब्द बोलायला काय हरकत आहे, असं वाटत राहिलं. चालता चालता वेळापूरच्या अलीकडे कुठेतरी लक्षात आलं की माफीचीही मी माझ्या वेळेने, माझ्या टेबलावर अपेक्षा करते आहे. अर्ज दिला, आता मंजुरी द्या. पहिल्यांदाच कोणीतरी मला ताटकळत ठेवलं होतं, तेही पुरते दोन दिवस झाले नव्हते, आणि मला ते सोसत नव्हतं.

वेळापूरला धावा असतो. तुकोबांना इथून पंढरीचा कळस दिसला आणि ते धावत सुटले, म्हणून सगळे उतारावरून धावतात. मीही धावले, दोरा ओवलेली टाच घेऊन. रात्री हरिपाठानंतर सगळ्यांनी एकमेकांना नमस्कार केले. मावशी समोर आल्या. त्या वाकल्या, मी वाकले. त्यांच्या पायातली जोडवी झिजून तारेसारखी झाली होती आणि स्लिपरच्या पट्ट्याखालची कातडी तेवढी उजळ राहिली होती, बाकी पाऊल रस्त्याच्या रंगाचं. मी जरा जास्त वेळ वाकलेली राहिले. त्यांनी माझ्या दंडाला धरून उठवलं आणि पुढच्या बाईकडे गेल्या.

वाखरीला सगळ्या संतांच्या पालख्या भेटतात आणि तिथून पंढरपूर हाकेवर. दर्शनाची रांग गोपाळपूरच्या पुढे गेली होती. एकादशीच्या पहाटे मुख्यमंत्र्यांच्या हस्ते महापूजा होते आणि रांगेतल्या एका जोडप्याला मानाचे वारकरी म्हणून शेजारी उभं राहायला मिळतं. मला ते दृश्य पूर्वी फार आवडायचं. या वेळी मन मागच्या रांगेपाशीच राहिलं. मावशी कधीच रांगेत लागत नाहीत. चंद्रभागेत स्नान, कळसाचं दर्शन, नामदेव पायरीला डोकं टेकवायचं, झाली वारी.

महाद्वारासमोर चोखोबांची समाधी आहे. तिथे मी बराच वेळ बसले. चोखोबा १४व्या शतकातले. आयुष्यभर विठ्ठलाला आळवलं ते दाराबाहेरून. मंगळवेढ्याला गावकुसाच्या कामावर वेठीला धरलेले असताना अंगावर भिंत कोसळून गेले, आणि नामदेवांनी त्यांच्या अस्थी आणून इथे समाधी केली अशी परंपरा सांगते. त्यांच्या समाजातल्या माणसांना मंदिराचा उंबरठा ओलांडता आला तो १९४७च्या मे महिन्यात, साने गुरुजी इथेच प्राणांतिक उपोषणाला बसल्यावर. म्हणजे सहाशे वर्षं. सहाशे वर्षं पिढ्यान्‌पिढ्या येत राहिल्या आणि या दाराने त्यांना उद्या या म्हटलं. त्या दारावरचे लोकही गोड बोलत असतील. शास्त्राने तेही बरोबर असतील, प्रत्येक वेळी.

आणि त्याच दाराच्या आत देव स्वतः वाट बघत उभा आहे. पुंडलिक आईवडिलांची सेवा करत होता, हातातलं काम टाकून उठला नाही, वीट फेकली आणि म्हणाला, थांब. देव थांबला. सर्वसत्ताधीशाची मूर्ती घडवायची तर सिंहासन, आयुधं, चरणाशी शरण आलेला कोणी, असं काहीतरी सुचेल. आपल्या लोकांनी कमरेवर हात ठेवून ताटकळणारा देव घडवला. मी त्याला प्रत्यक्ष पाहिलं नाही, कळसच पाहिला. पण समाधीपाशी बसून डोळे मिटले तेव्हा तो आमच्या कार्यालयाच्या व्हरांड्यात उभा होता. कमरेवर हात, काखेत पिशवी.

मावशींची एसटी द्वादशीला सकाळी होती. त्यांच्या गाठोड्यात चुरमुऱ्याचा प्रसाद आणि नातवासाठी बारकी वीणा. बस लागली तशी त्या चढल्या, खिडकीत बसल्या आणि तिथून म्हणाल्या, “नाव सापडलं तर कळीव.” बस निघाली. माझा नंबर त्यांच्याकडे नव्हता, त्यांचा मी आदल्या रात्री दिंडीचालकांकडून घेतला होता.

सोमवारी कार्यालयात गेल्यावर आधी रेकॉर्डमध्ये जाऊन ती फाईल काढली. नाव वाचलं. ‘बाई’सह आणि ‘बाई’शिवाय, दोन्ही. पत्ताही आहे. दुपारी मावशींना फोन लावून नाव सांगितलं. त्यांनी ते एकदा स्वतःशी उच्चारलं, बरं म्हणाल्या. त्या बाईंकडे मी अजून गेलेले नाही. माफी मागायला घरी गेले तर साहेब आल्या म्हणून त्या धावपळ करतील, चहा टाकतील, आणि पुन्हा मीच बसलेली नि त्या उभ्या.

माझ्या टेबलापुढे एक खुर्ची आहे. गेली कित्येक वर्षं तिच्यावर फायलींचा गठ्ठा होता, त्यामुळे येणारा माणूस उभाच राहायचा. तो गठ्ठा मी त्या सोमवारी उचलून कपाटात लावला, खुर्ची ओल्या फडक्याने पुसली. पाऊण तासाने एक आजी आल्या. हातात पिशवी, पिशवीत गुंडाळलेले कागद. बसा म्हटलं. त्यांनी मागे वळून पाहिलं, दुसऱ्या कोणाला म्हणतेय का ते. पुन्हा म्हटलं तेव्हा टेकल्या, पण खुर्चीच्या अगदी कडेला, पिशवी मांडीवर घट्ट धरून, कोणत्याही क्षणी उठायच्या तयारीत.